राजाच्या गालावरच्या तीन रेषा

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या घरी कुणी नाणी बघायला आलं, की कुठल्या क्षणी कुठलं वाक्य येणार हे मला पाठ झालं होतं. अप्पा कपाटाचं कुलूप काढत, अल्बम टेबलावर ठेवत आणि मधल्या एका पानापाशी येऊन थांबत. "हा बघा, राजाच्या छापाचा चांदीचा रुपया. बाजारात एकदाही फिरलेला नाही. पण गालावर बघा, तीन रेषा. हे घरातलं काम." एवढं झालं की आई हातात असेल ते खाली ठेवून स्वयंपाकघरात निघून जाई. तेहेतीस वर्षं हे असंच चाललं. मी तिथेच कुठेतरी पाहुण्यांना कॉफी देत उभी असे, आणि मला पक्कं ठाऊक असे की ते काम आईचं नाही, माझं आहे.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी इतकी जुनी आणि तमिळने इतकी भिजलेली, की नोकरीच्या निमित्ताने मी आठ वर्षं पुण्यात राहिले तेव्हा लोक माझ्या बोलण्यावर तोंड लपवून हसत. लिहायची मराठी मी तिथेच शिकले, थोडी हट्टाने, थोडी रागाने. अप्पा आवडीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, चरा दिसला की बाजूला काढायचा आणि तो कुणाच्या हातून पडला ते शोधून काढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "डाग आपोआप पडत नाही, कुणाचा तरी हात असतोच," असं ते म्हणत. घरात काचेचा पेला फुटला तरी आमची चौकशी व्हायची, साक्षीपुराव्यासकट.

नाण्यांचा नाद त्यांना लग्नाआधीपासूनचा. नाणं फक्त कडेला धरायचं, दोन बोटांत. तोंडावर बोट टेकवायचं नाही, कारण घाम चांदीला लागतो. आणि एका नाण्याला दुसरं नाणं कधी लागू द्यायचं नाही. प्रत्येकाला वेगळा कागदी चौकोन, मध्ये पारदर्शक खिडकी. मी चालायला लागायच्या आधी मला हे नियम ऐकवले गेले असावेत.

हे घडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नवरात्र होतं आणि आमच्या दिवाणखान्यात कोलू मांडला होता. पायऱ्यांवर पांढरी चादर, त्यावर बाहुल्या, देव, लग्नाची वरात, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर माझा लाडका चेट्टियार. पोट सुटलेला वाणी, शेजारी त्याची तितकीच गोल बायको, पुढे दुकान. दुकानात खऱ्या तांदळाचे, तूरडाळीचे, गुळाचे चिमूटभर ढीग आणि गल्ला म्हणून पितळेची एक छोटी ताटली, तिच्यात सुटी नाणी. दुकान मांडायचं काम माझं होतं. त्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने माझ्या चेट्टियाराकडे बघून नाक मुरडलं होतं, "ह्याच्याकडे नुसती चिल्लर." मला ते फार लागलं.

नवव्या दिवशी सरस्वतीची पूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं आणि कामाची हत्यारं देवीपुढे ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी दशमीची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आई माझी वह्या-पुस्तकं ठेवायची, आपली कात्री ठेवायची आणि अप्पांचा अल्बम. अप्पांच्या नजरेआड, कुलपाबाहेर अल्बम वर्षातून तेवढा एकच दिवस राही. त्या वर्षी शेजारी एक नवं भिंगही होतं. अप्पांना कारखान्यातल्या मित्राने दिलेलं, दहा पटीने मोठं दाखवणारं. ते अजून कापडी पिशवीतच होतं, कारण देवीपुढे ठेवल्याशिवाय वापरायचं नाही असं आईने बजावलं होतं. दोन्हींवर तिने चंदन-कुंकवाचं बोट टेकवलं.

म्हणजे असं, की वर्षातल्या ज्या एका दिवशी अल्बम उघड्यावर होता, त्याच दिवशी तो कुणी उघडणार नव्हतं. ही अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे. दुपारी दोघं झोपली तेव्हा मी राजाचा रुपया कागदातून काढला, कडेला धरून, अगदी नियमाप्रमाणे. आणि चेट्टियाराच्या ताटलीत चिल्लरीवर ठेवला. ठेवताना तो थोडा घसरला. टण् असा बारीक आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी बायका आल्या, हरभऱ्याचं सुंडल वाटलं गेलं, माझ्या वर्गातली ती मुलगीही आली. तिने रुपया बघितला की नाही हे मला आठवत नाही, आणि याची मला आजही चीड येते. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी ताटलीपाशी गेले. ताटलीवर विड्याचं एक पान पडलेलं होतं. ते बाजूला केलं, रुपया उचलला, फ्रॉकला न पुसता, शप्पथ, कागदात घातला आणि अल्बम होता तसा ठेवला.

दशमीची पूजा झाली. अप्पांनी नवं भिंग पिशवीतून काढलं, मोठ्या आनंदाने, आणि पहिल्यांदा त्यातून बघायला आपला सगळ्यांत आवडता रुपया निवडला. मी पाटावर बसून वहीत श्री लिहीत होते. त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"हे कोण केलं?" ते म्हणाले.

आई हातात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती.

"गालावर तीन रेषा अहेत. दुसऱ्या नाण्याची कड लागली अहे. पूजेत ठेवलीस ना? मी नको म्हणत असतां?"

असं म्हणायला कारण होतं. दर वर्षी आई एक चांदीचा रुपया लक्ष्मी म्हणून पूजेच्या ताटात मागायची आणि दर वर्षी अप्पा नाही म्हणायचे.

"मज काय ठावं? मी नाहीं काढली," आई म्हणाली.

"मग आपण होऊन बाहेर आला? अल्बम कोण ठेवलं? कुंकू कोण लावलं?"

आईने तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्याकडे आली, माझ्यावर थोडी थांबली, आणि तिने तोंड मिटलं. ताट ओट्यावर ठेवून ती आत गेली. मी श्री लिहीत राहिले, ओळीच्या ओळी. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत, आणि त्यानंतर आईने त्या कपाटाला हात लावला नाही. घरभर फडकं फिरे, कपाटापाशी येऊन वळे. पुढल्या वर्षीपासून अल्बम देवीपुढे अप्पाच ठेवू लागले. आणि चेट्टियाराच्या ताटलीत आई नाण्यांऐवजी चिंचोके ठेवू लागली. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मी सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी भीतीने नाही सांगितलं, हे मी स्वतःला माफ करते, अकरा वर्षांची होते. पण मग मी पंधराची झाले, विसाची झाले, नोकरीला लागले, पुण्याला गेले, परत आले. प्रत्येक नवरात्रात ते चिंचोके बघायचे आणि ठरवायचं की या वर्षी बोलायचं. माणूस किती लबाड असतो ते मला दुसऱ्या कुणाकडे बघून शिकावं लागलं नाही.

या वर्षी अप्पांना ऐंशी पूर्ण झाली. नवरात्राच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, की राजाचा रुपया तपासून, त्याची प्रत ठरवून, प्लास्टिकच्या डबीत मोहरबंद करून घ्यायचा. हल्ली तशी सोय आहे. पाठवण्याआधी चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका जुन्या जाणकाराचं मत घ्यायचं. नवव्या दिवशी अल्बम देवीपुढे जाईल, त्याच्या आत हे उरकायचं, म्हणून आम्ही सातव्या दिवशी निघालो. आई दारापर्यंतही आली नाही. कोलूपुढच्या तांदळाचे ढीग नीट करत बसली होती.

गाडीत अप्पांनी सबंध वेळ शर्टाच्या खिशावर हात दाबून धरला होता. सेंट्रलला उतरून आम्ही रिक्षा केली. मला कळत होतं की आज एक तिसरा माणूस भिंग लावून त्या गालाकडे बघणार. अप्पा सांगणार, हे घरातलं काम. आणि या वेळी उठून आत जायला आई तिथे नसणार.

दुकान म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली. खाली दोऱ्या-सुतळ्यांचे ठोक व्यापारी, हमालांचा आरडाओरडा. वर मात्र टेबल, टेबलावर काळं मखमली कापड, वाकवता येणारा दिवा आणि अप्पांपेक्षा चारपाच वर्षांनी लहान असे एक गृहस्थ, कपाळावर विभूती. तमिळमध्येच बोलणं सुरू झालं. अप्पांनी कागदी चौकोन कापडावर ठेवला.

त्यांनी रुपया काढला, दिव्याखाली तिरका धरून सावकाश फिरवला. "छान," ते म्हणाले. "फिरलेला नाही. केस बघा, मिशी बघा, काही झिजलेलं नाही. रंगही सुंदर चढलाय." चांदीवर जांभळट, मधेच निळसर अशी एक झाक होती. लहानपणी मला ती मोराच्या मानेसारखी वाटायची. "गालावर मात्र..."

"ते घरातलं आहे," अप्पा म्हणाले. "तेहेतीस वर्षांपूर्वी. माझ्या बायकोने पूजेच्या ताटात ठेवला, मला न विचारता. अजून कबूल करत नाही."

अजून कबूल करत नाही. एका परक्या माणसापुढे, माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या आईबद्दल. माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. राग अप्पांचा होता की स्वतःचा, मला सांगता येणार नाही.

"आईने नाही," मी म्हणाले. "मी ठेवला होता. चेट्टियाराच्या ताटलीत. चिल्लरीवर."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते कापडाकडे बघत होते. "काय सांगतेस?" ते आमच्या मराठीत म्हणाले, हळू.

"ते दिवशी दुपारी काढलें. आवाज झाला. मज तेव्हांच कळलं." त्यांच्याशी बोलताना माझी पुणेरी मराठी कुठल्या कुठे जाते. "आई कांहीं केली नाहीं, अप्पा. मी होतें."

खालून कुणीतरी हमालाला शिव्या देत होतं. अप्पांचा खिशावरचा हात अजून तिथेच होता, खिसा रिकामा असून. मला वाटलं, आता हे मला इथेच, या माणसापुढे बोलणार. बोलले असते तर बरं झालं असतं. जाणकार गृहस्थांना आमची भाषा कळली नसावी, पण काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ते तसेच राहिले. मी त्यांच्या कपाळावरच्या विभूतीकडे बघत उभी होते.

"सार," ते शेवटी म्हणाले, "रुपया घेतलात तेव्हा त्याला हा रंग होता?"

"होता की. रंग बघूनच तर घेतला."

"मग इथे बघा." त्यांनी भिंग अप्पांना दिलं. "रेषेच्या आत बघा. बाहेर नाही, आत. काय रंग आहे?"

अप्पांनी बघितलं.

"जांभळाच आहे ना? रंग चढल्यावर जर कुणी मार लावला असता, तर तेवढ्या जागी रंग तुटून पांढरी चांदी दिसली असती. चकचकीत. इथे रंग रेषेच्या तळापर्यंत उतरलाय. म्हणजे आधी मार, मग रंग. ही टांकसाळीतली खूण आहे, सार. नवे रुपये पोत्यात पडायचे, एकमेकांवर आदळायचे. कुणाची तरी दातेरी कड याच्या गालाला लागली. याला आमच्यात कॉन्टॅक्ट मार्क म्हणतात. तुमच्या बायकोचा जन्म व्हायच्या आधीचं आहे हे." आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही ठेवलात त्याची एकही खूण यावर नाही, अम्मा."

मी खुर्ची ओढून बसले.

"पण घेतला तेव्हा नव्हतं," अप्पा म्हणाले. "मी बघून घेतला होता. मी तपासनीस होतो."

"कुठल्या भिंगातून बघितलं होतं?"

अप्पांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. घेतला तेव्हा त्यांच्याकडे होतं ते तिप्पट दाखवणारं घडीचं भिंग. दहापटीचं आलं ते त्या नवरात्रात, आणि पहिल्यांदा वापरलं ते दशमीला. त्या दिवशी रुपयावर नवं काही उमटलं नव्हतं, नवं होतं ते फक्त भिंग. कारखान्यात त्यांच्या हाताखालून गेला तो सगळा माल कोरा. जुना मार कसा दिसतो हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शिवाय चूक कुणाची हे एकदा ठरल्यावर पुन्हा कोण बघतंय? त्यांनी तेहेतीस वर्षं त्या रेषा शेकडो लोकांना दाखवल्या, स्वतः एकदाही आत बघितलं नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी पुन्हा खिशावर हात दाबून धरला होता. मी कबूल केलं होतं आणि त्याच घडीला निर्दोष सुटले होते, तरी माझा जीव भांड्यात पडला नव्हता. नाण्याला मी काही केलं नव्हतं, पण ते मला ठाऊक नव्हतं. मीच केलं असं समजून मी आईला तेहेतीस वर्षं उठून आत जाऊ दिलं होतं. या खुणेचा रंग कुठल्या भिंगाने बघायचा?

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. आई कोलूपुढे फुलं ओवत बसली होती. अप्पांनी चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, एखादा अहवाल वाचावा तसं. मार टांकसाळीतला अहे. जुना अहे. तू नाहींस. पोरगीही नाहीं.

"पोरगी?" आई म्हणाली.

"मी चेट्टियाराच्या ताटलीत ठेवलें होतें, आई. ते वर्षी," मी म्हणाले.

"मज ठावं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"संध्याकाळी पाह्यलें की. बायका बसल्या होत्या, चेट्टियारापुढे राजा बसला होता. हे पाहतील म्हणून वर पान झाकलें." तिने दोऱ्याला गाठ मारली. "तुझं काम म्हणून उगी राहिलें. अकरा वर्षांची पोर, हे काय करते कीं असं भ्यालें. मग तूं थोर झालीस, तरी बोलली नाहींस. तेव्हां वाटलं, सांगेल. सांगेल." तिचा आवाज चढला, माझ्या आठवणीत पहिल्यांदा. "आणि कोणीच केलं नव्हतं?"

विड्याचं ते पान मी तेहेतीस वर्षं विसरले नव्हते, आणि ते तिथे कसं आलं हे एकदाही मनाशी विचारलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. लगेच तरी नाही.

अप्पांनी खिशातून कागदी चौकोन काढला, रुपया बाहेर घेतला आणि दोन बोटांत कडेला धरून तिच्यापुढे केला. मला वाटतं, त्यांना माफी मागायची होती आणि त्यांना ती मागता येत नव्हती.

आईने हात पुढे केला नाही. "मज नको," ती म्हणाली. तिने खाली वाकून चेट्टियारापुढची ताटली उचलली, चिंचोके ओंजळीत ओतून घेतले, आणि टोपलीजवळ फुलवाल्याला द्यायची चिल्लर होती ती ताटलीत टाकली. ताटली पुन्हा दुकानात ठेवली. "तेथें ठेवा."

अप्पा वाकले. ऐंशी वर्षांचा माणूस, एक हात गुडघ्यावर. चिल्लरीपासून बोटभर वर त्यांचा हात थांबला आणि तिथेच राहिला. मी ओरडणार होते, की अप्पा, राहू द्या. आई बघत होती. मग त्यांनी बोटं सोडली.

टण् झालं, माझ्या वेळेपेक्षा मोठ्याने.

रुपया मोहरबंद करायला गेला नाही. दशमीला त्यांनी तो उचलून कागदात घातला आणि पूजेनंतर भिंगातून बघितला. परवा कुणी बघायला आलं होतं, तर मधल्या पानापाशी ते थांबले. आई तिथेच खुर्चीवर बसली होती, शेंगा सोलत. "गालावरच्या रेषा टांकसाळीतल्या," अप्पा म्हणाले. "इकडे कानापाशी बघा. पांढरी, चकचकीत आहे ना? ही नवी. ही माझ्या हातची."

आईने मान वर केली नाही. पण उठून आतही गेली नाही.